वाईट महिना कोणता?

पुणे आणि चियांग माय जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. पुणे 18.5 अंश उत्तर, तर उत्तर थायलंडमधलं चियांग माय 18.8. डिसेंबरात तिथे पहाटे स्वेटर लागतो, दुपारी ऊन कोवळं असतं आणि शहरातून कुठूनही मान वर केली की पश्चिमेला डोई सुथेपचा डोंगर आणि त्यावरचा सोनेरी स्तूप दिसतो. निम्मान भागातल्या कॉफीच्या दुकानांत जगभरची माणसं लॅपटॉप उघडून बसलेली असतात. खोलीचं भाडं कोथरूडच्या भाड्याशी तुलना करता येईल इतपत, इंटरनेट कोथरूडपेक्षा बरं. या डिसेंबरावर भाळून माणसं वर्षभराचा भाडेकरार करतात. मार्च येतो आणि समोरचा डोंगर दिसेनासा होतो.

डोंगर गिळणारा हा धूर दरवर्षी येतो आणि त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. उत्तर थायलंडची जंगलं पानगळीची आहेत. फेब्रुवारीपर्यंत जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो आणि तो पेटतो, बऱ्याचदा पेटवला जातो. जमीन जाळली की पहिल्या पावसानंतर एक विशिष्ट गोल अळंबी भरपूर उगवते आणि चढ्या भावाने विकली जाते, असा तिथला समज आहे. डोंगरउतारांवर पशुखाद्यासाठी मका घेतात. त्याची ताटं उपटून, गोळा करून खाली आणण्यापेक्षा काडी लावणं स्वस्त पडतं. हेच सीमेपलीकडे म्यानमारच्या शान प्रांतात आणि लाओसमध्ये चालतं आणि धुराला पासपोर्ट लागत नाही. त्यात शहर डोंगरांनी वेढलेलं, परातीच्या तळाशी बसल्यासारखं. थंड हवा खाली, गरम हवा वर, वारा नाही. धूर आत येतो आणि मुक्काम करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम सांगितली आहे. चियांग मायमध्ये मार्चच्या वाईट दिवसांत हा आकडा शंभराच्या पलीकडे जातो. 2023 च्या मार्च-एप्रिलमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत हे शहर कित्येक दिवस पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी स्थानिक नागरिक थेट पंतप्रधानांविरुद्ध न्यायालयात गेले आणि जानेवारी 2024 मध्ये चियांग मायच्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला नव्वद दिवसांत आपत्कालीन आराखडा करायला सांगितलं. आराखडे होतात, जाळण्यावर बंदीचे दिवस जाहीर होतात. मग बंदी लागण्याआधी आणि उठल्यानंतर जाळण्याची घाई होते.

डिसेंबरात भुरळ घालणारं जुनं सागवानी लाकडी घर मार्चमध्ये सगळ्यात वाईट. त्याच्या फटीफटीतून वारा खेळावा अशीच त्याची रचना असते, त्यामुळे हवा शुद्ध करणारं यंत्र चोवीस तास चालवलं तरी खोलीत धूर राहतो. ज्या काचबंद, कळाहीन कॉन्डोकडे पाहून नाक मुरडलेलं असतं, तेच तेव्हा राहण्याजोगं असतं. तिथे मुरलेली माणसं घर बघताना पाण्याचा दाब आणि इंटरनेटचा वेग पाहून झाला की खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवतात, फट कुठे आहे ते बघायला.

परदेशात, उष्ण कटिबंधात राहून दूरस्थ काम करायचं ठरवणाऱ्या माणसाने जागा तिच्या सगळ्यात वाईट महिन्यावरून निवडावी, असं माझं मत या सगळ्यातून झालं आहे. ‘राहण्यासाठी सर्वोत्तम दहा शहरं’ अशा याद्या सर्वोत्तम महिन्यात लिहिल्या जातात. त्या लिहिणारे बहुतेक अमेरिकी किंवा युरोपीय पासपोर्टवर फिरणारे असतात. त्यांच्या घरी डिसेंबरात बर्फ असतो. आपल्याकडे हुरडा असतो. त्यांचं गणित आपल्याला कसं लागू पडेल?

चियांग मायमधली अनुभवी मंडळी फेब्रुवारीत बिऱ्हाड हलवतात. त्यातले बरेच जण व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, दा नांगला जातात. तिथे तेव्हा हवा सुरेख असते. ‘मी खे’ किनारा मैलोगणती पसरलेला, शहर आटोपशीर, रस्ते रुंद. शनिवार-रविवारी रात्री नऊ वाजता हान नदीवरच्या पुलाचा पोलादी ड्रॅगन तोंडातून खरोखरीची आग ओकतो आणि आबालवृद्ध ते बघायला गर्दी करतात. जवळच ‘मी सन’ इथे चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं आहेत. 1999 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फेब्रुवारी ते ऑगस्ट इथे राहायला हरकत नाही.

मात्र दा नांगचा पावसाळा आपल्या उलट्या घड्याळावर चालतो. महाराष्ट्रातून पाऊस परततो तेव्हा तिथे तो सुरू होतो. ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प आणतात आणि मागच्या त्रुओंग सन पर्वतरांगेला धडकतात. चेन्नईला ज्या दिवसांत पूर येतात, त्याच दिवसांत इथेही. सोबत चक्रीवादळं. 14 ऑक्टोबर 2022 ला दा नांगवर असा पाऊस कोसळला की रस्त्यांवरून होड्या फिरवाव्या लागल्या आणि तळमजल्यावरची घरंच्या घरं पाण्यात गेली. दिवाळीच्या सुमारास दा नांगला बिऱ्हाड थाटणाऱ्याने दुसरा मजला बघावा.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय लक्षात येत नाही. व्हिएतनामचं परदेशाशी इंटरनेट मुख्यतः समुद्राखालच्या थोड्या केबलांवर अवलंबून आहे आणि त्या वारंवार बिघडतात. 2023 च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या पाचही केबलांत एकाच वेळी बिघाड होता. घरातला वेग मोजणारं अॅप तेव्हाही झकास आकडे दाखवतं, कारण ते देशातल्याच सर्व्हरशी बोलत असतं. फ्रँकफर्टच्या क्लायंटचा चेहरा मात्र पडद्यावर गोठून बसतो. म्हणून वेग मोजायचा तो आपलं काम जिथे जातं त्या शहरापर्यंतचा.

बालीत हवामान त्यामानाने सोसण्यासारखं आहे. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, बाकी कोरडं. तिथला त्रास वेगळा. चांगू भागातल्या अरुंद गल्ल्यांच्या जागी कधीकाळी भातखाचरांचे बांध होते. आता त्यांवरून मोटारी आणि स्कूटरी एकमेकींना घासून जातात. जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबरअखेर भाडी चढतात आणि चार किलोमीटरला पाऊण तास लागतो. वीज बरीचशी जावा बेटाशी जोडलेल्या जाळ्यावर. 2 मे 2025 ला अख्खं बेट अंधारात गेलं होतं.

न्येपीचा दिवस मात्र मला बालीची सगळ्यात मोठी देणगी वाटतो. बालीचं शक कालगणनेचं नवं वर्ष सुरू होतं त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मंद, आणि 2018 पासून मोबाइलचा डेटाही बंद. घराबाहेर पाऊल टाकलं तर गावचे पहारेकरी नम्रपणे परत आत पाठवतात. त्यातून परदेशी पाहुणा सुटत नाही. 2025 मध्ये न्येपी 29 मार्चला होता आणि दुसऱ्याच दिवशी आपला पाडवा. मार्चअखेर तिमाहीचा हिशेब, रिलीज, डेडलाइन असणाऱ्या आयटीवाल्याने क्लायंटला आधीच सांगून ठेवावं की या दिवशी बेट बंद आहे. क्लायंटला ते खरं वाटत नाही.

मलेशियातलं पेनांग हे वाईट महिना जवळजवळ नसलेल्या जागांपैकी. विषुववृत्ताच्या साडेपाच अंशांवर ऋतू असे नसतातच. बारा महिने तेच तीस-बत्तीस अंश, तोच दुपारचा पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरात एखाद्या वर्षी सुमात्रातल्या पीट जमिनी पेटल्या की धुरकं येतं; 2015 आणि 2019 ही तशी वर्षं. एरवी शत्रू एकच, दमटपणा. कपाटातल्या चामडी बुटांवर आठवड्यात पांढरी बुरशी, कॅमेऱ्याच्या भिंगात जाळी, पुस्तकांना कोकणातल्या पावसाळ्यात येतो तसा वास, फक्त बाराही महिने. देशावरच्या माणसाला काही महिन्यांनी थंडीची, निदान उन्हाळ्याची तरी आठवण येऊ लागते. कोकणातल्यांना कदाचित येत नसावी.

पण पेनांगकडे इतर जागांकडे नसलेलं बरंच काही आहे. जॉर्ज टाउन हे 2008 पासून जागतिक वारसा शहर आहे. इंग्रजी सर्रास चालतं, तामिळ ऐकू येतं, केळीच्या पानावर भात मिळतो. इस्पितळं इतकी चांगली की शेजारच्या इंडोनेशियातून रुग्ण उपचारासाठी येतात. पन्नाशीच्या माणसाने, किंवा लहान मूल असलेल्या जोडप्याने, चांगूपेक्षा हे आधी बघावं.

आता घड्याळ. भारतातून निघणारे बहुतेक जण पूर्वेला जातात. तिकडे स्वस्त आहे, जवळ आहे. पण पूर्वेला गेलं की आपलं घड्याळ पुढे जातं. थायलंड-व्हिएतनाम भारताच्या दीड तास पुढे, बाली-मलेशिया अडीच तास. ऑफिस भारतात असेल तर हे वरदान आहे: पुण्याची दहाची मीटिंग चियांग मायला साडेअकराला, बालीला साडेबाराला. सकाळ आपली. लंडनचे नऊ म्हणजे हिवाळ्यात बँकॉकचे दुपारचे चार. पोहून, जेवून, वामकुक्षी करून कामाला बसता येतं.

न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे हिवाळ्यात बँकॉकचे रात्रीचे नऊ आणि बालीचे दहा. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे बालीत रात्रीचा एक. अमेरिकी क्लायंट असलेला माणूस पुण्यात रात्री अकरापर्यंत कॉल घेऊन वैतागतो आणि सुटका म्हणून बालीला जातो, तिथे त्याची पहाट होते. दिवसा झोपायचं तर समुद्रकाठी कशाला? शिवाय अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरात घड्याळं सरकतात, उष्ण कटिबंधात सरकत नाहीत, त्यामुळे वर्षातून दोनदा दिनक्रम एक तासाने हलतो. मलेशियाचं आणखी वेगळं: 1 जानेवारी 1982 ला तिथल्या द्वीपकल्पाने घड्याळ अर्धा तास पुढे ढकललं आणि पूर्वेकडच्या बोर्निओशी वेळ जुळवून घेतली. म्हणून पेनांगला सूर्य सातच्याही नंतर उगवतो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना काळोखात जावं लागतं.

कागदपत्रांकडे वळतो. इथे घाई करून चालत नाही, कारण फसगत बहुतेक इथेच होते.

पहिला प्रश्न व्हिसाचा नसून नोकरीचा आहे. ‘कुठूनही काम करा’ असं कंपनी म्हणते तेव्हा तिच्या मनात भारतातलं कुठूनही असतं. बँका-विमा कंपन्यांच्या कामांत तर कोणत्या देशातून, कधी कधी कोणत्या इमारतीतून त्यांचा डेटा उघडता येईल, हे करारात लिहिलेलं असतं. कर्मचारी परदेशात बसून काम करू लागला की तिथलं करखातं कंपनीलाच तिथे व्यवसाय करणारी संस्था मानू शकतं, ही एचआरची भीती खोटी नाही. तरी व्हीपीएन लावून ‘घरीच आहे’ म्हणत थायलंडमधल्या क्राबीहून काम करणारे भेटतात आणि ते ती हकीकत शौर्यकथेसारखी सांगतात. मला ते शहाणपणाचं वाटत नाही. एका लॉगमध्ये खरा पत्ता उमटला की नोकरी जाते आणि पुढच्या नोकरीच्या पडताळणीत ती गेल्याचं कारणही पोचतं. ज्यांचे स्वतःचे क्लायंट आहेत, किंवा ज्यांची कंपनी हे लेखी मान्य करते, त्यांच्यासाठीच पुढचं सगळं.

थायलंडने 15 जुलै 2024 पासून दूरस्थ काम करणाऱ्यांना चालणारा डीटीव्ही हा व्हिसा सुरू केला. मुदत पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला 180 दिवस, शुल्क 10,000 बात. बँकेत 5 लाख बात असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे दर बदलेल तसे बारा ते चौदा लाख रुपये. पाच-सात वर्षं नोकरी केलेल्या पुण्यातल्या इंजिनिअरला ही रक्कम दाखवता येते. मलेशियाचा डी रांताउ पास ऑक्टोबर 2022 पासून आहे. आयटीतल्यांसाठी वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्न लागतं, इतर पेशांना 60,000. तीन ते बारा महिन्यांचा पास, पुढे वाढवता येतो, कुटुंबही नेता येतं. इंडोनेशियाच्या दूरस्थ कामाच्या व्हिसाला वर्षाला 60,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या घरात. बालीतल्या लॅपटॉपवाल्या भारतीयांपैकी किती जण ते दाखवू शकतील? मग पर्यटक म्हणून यायचं, तीस दिवस, आणखी तीस दिवस, मग विमानाने बाहेर जाऊन परत. व्हिएतनाममध्ये असा व्हिसाच नाही. ऑगस्ट 2023 पासून नव्वद दिवसांचा ई-व्हिसा मिळतो आणि तो संपला की सीमेपर्यंत जाऊन येणाऱ्या गाड्या नियमित सुटतात. पर्यटक व्हिसावर परदेशी क्लायंटचं काम करणं कायद्यात बसतं का, याचं स्वच्छ उत्तर या देशांतलं कोणी देत नाही, आणि ‘सगळेच करतात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या काउंटरवर चालत नाही.

मग कर. हा विषय बहुतेक जण परत आल्यावर शिकतात. ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलो की एनआरआय’ एवढंच डोक्यात असतं. समजा, एखादी व्यक्ती 1 ऑक्टोबरला थायलंडला निघाली आणि वर्षभराने 1 ऑक्टोबरलाच परतली. पूर्ण एक वर्ष बाहेर. पण भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पहिल्या आर्थिक वर्षात ती एप्रिल ते सप्टेंबर भारतात होती, 182 दिवसांहून जास्त. दुसऱ्या वर्षात ऑक्टोबर ते मार्च भारतात, म्हणजे पुन्हा 182 दिवस. दोन्ही वर्षं ती भारताची करनिवासी आणि जगभरचं उत्पन्न इथे करपात्र. दुसरीकडे थायलंड जानेवारी ते डिसेंबर मोजतो आणि 180 दिवस झाले की आपला निवासी मानतो. जानेवारी ते सप्टेंबर ती तिथे होती. 2024 पासून थायलंडमध्ये अशा निवासीने बाहेरून आणलेल्या पैशावर, तो आधीच्या वर्षी कमावला असं सांगूनही, कर लागू शकतो. सूट आहे ती 2024 च्या आधीच्या कमाईला. इंडोनेशिया तर कोणत्याही सलग बारा महिन्यांत 183 दिवस मोजतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, पण ते आपोआप लागू होत नाहीत. कागद भरावे लागतात. हीच व्यक्ती मार्चअखेर निघाली असती तर हिशेब पार वेगळा झाला असता. तिकीट काढण्याआधी सीएला फोन करावा.

आणि एका जागी न थांबता दर तीन महिन्यांनी देश बदलणाऱ्यांना वाटतं, आपण कुणाचेच निवासी नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर, भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असलेला आणि दुसऱ्या कुठल्याही देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक भारताचाच निवासी मानला जातो.

स्कूटरबद्दल. उष्ण कटिबंधात परदेशी माणसाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका सापाचा नाही, स्कूटरचा आहे. आपल्याला वाटतं, पुण्यात चालवली तर कुठेही चालवू. चालवता येतेही. पण भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. थायलंड तो मानतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराचा सदस्य आहे, 1949 च्या नाही, त्यामुळे आरटीओतून पैसे भरून आणलेला आपला परवाना तिथे ग्राह्य नाही. पोलिसांचा दंड किरकोळ असतो. अपघात झाला की प्रवासविम्याची कंपनी पहिला कागद परवान्याचाच मागते आणि तो वैध नसेल तर दावा नाकारते. पाय मोडल्यावर खाजगी इस्पितळाचं बिल वर्षभराच्या भाड्याहून मोठं होऊ शकतं. बालीत आणखी एक: 2008 पासून तिथे रेबीज आहे आणि भटकी कुत्री भरपूर. निघण्यापूर्वी लस घेतली तर बरं. डेंग्यू सगळीकडेच आहे, त्याचं आपल्याला नवल नाही.

शाकाहाऱ्यांची काळजी घरच्यांना फार वाटते. ती थोडी कमी करता येईल. थायलंडमध्ये लाल अक्षरांची पिवळी झेंडी लावलेल्या दुकानात ‘जे’ पद्धतीचं जेवण मिळतं. त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या मावशीलाही चालावं. व्हिएतनाममध्ये पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी बरेच लोक मांस सोडतात आणि ‘चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळी भरून जातात. इतर ठिकाणी माशांचा सॉस सगळ्यात असतो, अगदी पालेभाजीतही. विचारून खावं, किंवा न विचारता खावं.

आपण जिथे राहायला जातो तिथल्या लोकांचं काय होतं, हा प्रश्न गोव्याकडे बघितलं की चटकन कळतो. आसगाव-शिवोलीत दिल्ली-मुंबईचे लोक घरं घेऊ लागले, भाडी चढली आणि गावातल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर परवडेनासं झालं. याबद्दल गोवेकर रागावतात आणि आपल्याला ते पटतं. तेच आपण चांगूत करतो. बाडुंग हा बालीतला सगळ्यात श्रीमंत जिल्हा, चांगू त्यातच येतं. तिथलं किमान वेतन 2025 मध्ये महिन्याला सुमारे 35 लाख रुपैया होतं, आपले अठरा-एकोणीस हजार रुपये. एका खोलीच्या, छोट्या तलावाच्या व्हिलाचं भाडं त्याच्या कित्येक पट. 2012 मध्ये बालीची सुबक ही पाटपाण्याच्या सामायिक वाटपाची शतकानुशतकांची व्यवस्था जागतिक वारसा ठरली. पर्यटक तिचे फोटो काढायला येतात आणि त्यांच्यासाठी व्हिला बांधायला खाचरं बुजवली जातात. खाचर बुजलं की त्याच्या खालच्या खाचराचं पाणीही तुटतं. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. तरी भाव चढायचे ते चढलेच. आपण तिथे जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण स्थानिकाकडून थेट घर घ्यावं, वर्षाचं भाडं आगाऊ मोजून बाजार चढवू नये आणि ‘किती स्वस्त आहे!’ हे वाक्य हॉटेलातल्या पोऱ्यासमोर मोठ्याने म्हणू नये.

मराठी माणसाच्या यादीत सहसा नसलेली एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. मॉरिशस. तिकडे आपण मधुचंद्राला जातो, कामाला जात नाही. पण भारताच्या पश्चिमेला, दीड तास मागे असलेला हा उष्ण कटिबंधातला देश अमेरिकी क्लायंटवाल्यांसाठी सोयीचा आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे तिथे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा, उन्हाळ्यात पाच. लंडनचे नऊ म्हणजे दुपारी एक किंवा बारा. रात्री झोपता येतं. 2020 मध्ये तिथल्या सरकारने प्रीमियम व्हिसा सुरू केला: एक वर्ष, परदेशातून येणारं उत्पन्न महिन्याला 1,500 डॉलर, कुटुंब सोबत आणायची मुभा. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही चालतात, रस्त्यावर क्रिओल. समुद्राखालच्या केबला एकाहून अधिक दिशांना जातात. महाग आहे, हे खरं. चियांग मायच्या दीडपट-दुप्पट खर्च धरावा, कारण खाण्यापिण्यातलं बरंचसं बाहेरून येतं. आणि मोटारीवाचून अडतं.

तिथे मराठी माणूस एकोणिसाव्या शतकापासून आहे. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून बोटीने गेलेल्यांमध्ये कोकणातले, देशावरचे लोक होते. ज्या धक्क्यावर ते उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारशात आहे. आज त्यांच्या वंशजांची घरची भाषा मुख्यतः क्रिओल आहे, पण शाळांत मराठी शिकवली जाते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तिचा विभाग आहे आणि गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते. पुण्याहून गेलेल्या माणसाला त्यांनी आपलं म्हणावं अशी अपेक्षा धरून जाऊ नये. पाचव्या-सहाव्या पिढीचे ते मॉरिशियन आहेत आणि त्यांचं मराठीपण त्यांनी स्वतः टिकवलेलं आहे. पण गणपतीत बोलावलं तर जावं.

वाईट महिना तिथेही आहे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी जपून. 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. वादळाचे इशारे चार पायऱ्यांनी दिले जातात. तिसरी पायरी आली की बस बंद, कचेऱ्या बंद, घरात थांबायचं, आणि गेलेली वीज परत येण्याची वाट बघायची. पण वादळ दोन-तीन दिवस आधी सांगून येतं आणि एका दिवसात जातं. क्लायंटला कळवायला वेळ मिळतो, पाणी भरून ठेवता येतं. चियांग मायच्या सहा-आठ आठवड्यांच्या धुरापुढे मला तो सौदा बरा वाटतो. दम्याच्या माणसाला तर वाटायलाच हवा.

बाकी निवड ज्याच्या त्याच्या घरावर. मुंबई ते बँकॉक सुमारे साडेचार तास, मुंबई ते मॉरिशस सहा. पेनांगहून किंवा दा नांगहून बहुधा विमान बदलून यावं लागतं आणि मधला मुक्काम धरला तर दिवस जातो. सत्तरीच्या आईवडिलांना पुण्यात ठेवून निघालेल्या मुलाने किंवा मुलीने हे तास भाड्याच्या आकड्याच्या वर लिहावेत. पारपत्र घरात हाताशी असावं, व्हिसा पुनःप्रवेशाचा असावा, कारण एकाच प्रवेशाच्या व्हिसावर घाईने घरी यावं लागलं तर परत जाताना सगळं पहिल्यापासून सुरू होतं, घरमालकाने डिपॉझिट ठेवून घेतलेलं असतं आणि लॅपटॉपचा चार्जर तिकडेच राहिलेला असतो.